पाचवा पाट

१

आमच्या ऑफिसात लोक रडायला जिन्यात जायचे. लिफ्ट असल्यामुळे जिना कोणी वापरत नाही, आणि इंदूरच्या विजय नगरातल्या काचेच्या इमारतीत रडायला दुसरी जागा नसते. आम्ही एका विमा कंपनीच्या तक्रारी फोनवर ऐकतो. ज्याचा दावा नामंजूर झाला तो फोन करतो, शिव्या देतो, कधी हमसून रडतो, आणि आमची मुलं-मुली "तुमची अडचण समजू शकतो सर" एवढंच म्हणू शकतात. मी फोन घेत नाही. मी अ‍ॅडमिन बघते, म्हणजे बंद पडलेल्या एसीपासून पाहुण्यांच्या पुष्पगुच्छापर्यंत जे कोणाचंच नसतं ते सगळं माझं.

त्यामुळे एचआरच्या पियुषने खालच्या दालनात मनःशांतीसाठी शिल्प बसवायचं ठरवलं, तेव्हा मी तोंडावर म्हटलं, "लोकांना वेळेवर जेवायला सोड, शांती आपोआप येईल."

तो हसला. "शुभदाजी, तुम्ही पण ना. माइंडफुलनेसचा जमाना आहे. बघा तर सही."

दिवाळीच्या आधी शिल्प आलं. काळ्या दगडाच्या चार बायका, दगडी पाटांवर गोल करून बसलेल्या. मांडी घातलेली, मान जराशी खाली, हात मांडीत, तळवे वर. चेहरे कोरलेले नव्हते, नाकडोळ्यांच्या जागी नुसता गुळगुळीत दगड. गोलातला पाचवा पाट रिकामा होता. त्यावर कोणीही येऊन बसावं, अशी कल्पना. शिल्पकार अगदी तरुण होता. "चेहरे करायचे राहिले का रे?" मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "ज्याला जो हवा तो दिसेल मॅडम."

पण खोटं कशाला सांगू, शिल्पाचा उपयोग झाला. वाईट फोन झाला की माणूस खाली यायचा, पाचव्या पाटावर थोडा वेळ बसायचा आणि खांदे सैल सोडून वर जायचा. जिन्यातलं रडणं थांबलं.

आणि मिताली. ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ही कॉलेजात होती. तेव्हापासून राजेंद्र नगरला माझ्याकडेच आहे, आणि नोकरीही मीच आमच्या ऑफिसात लावून दिली. मिताली म्हणजे फटाक्यांची माळ. रिक्षावाल्याशी भांडेल, हसेल तर चार घरांना कळेल. माझे यजमान सुधाकर गेले त्यानंतर आमच्या घरात आवाज म्हणून जो काही राहिला तो तिचाच. गेल्या पावसाळ्यात तिचं ठरलेलं लग्न मोडलं, तेही मुलाने मोबाइलवर दोन ओळी टाकून. पोरीने अन्न सोडलं. उशीत तोंड खुपसून रडायची आणि मी दाराबाहेर उभी राहायची. पाटावर बसायला लागल्यावर ती हळूहळू जेवायला लागली, मग एक दिवस भाजीत मीठ नाही म्हणून माझ्याशी भांडली. त्या दिवशी मी त्या शिल्पकाराला मनातल्या मनात हात जोडले.

२

संक्रांतीला ऑफिसात हळदीकुंकू असतं, आणि ते माझं खातं. मराठी, मारवाडी, बोहरी, सगळ्या मुली हौसेने येतात, तिळगुळाचा डबा एका तासात रिकामा होतो. सुधाकर गेल्यावरही मी ते चालू ठेवलं. फक्त मी सगळ्यांना लावते, स्वतःला लावून घेत नाही. मला कोणी मनाई केलेली नाही, मीच ठरवलंय. मितालीचं यावरून दरवर्षी वाजतं.

यंदा हळदीकुंकू खालच्या दालनातच ठेवलं. सगळ्यांचं झाल्यावर मिताली कोयरी घेऊन माझ्यासमोर आली.

"मावशी, डोकं पुढे कर."

"मला नको."

"कोणत्या जमान्यात राहतेस तू?"

"माझ्या. हट्ट करू नकोस, सगळ्या बघतायत."

तिचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, आणि विषय बदलायला म्हणून मी उगाच थट्टा केली, "माझं सोड. या चौघी सकाळपासून ताटकळल्यात, यांना कोणी विचारलं का?"

सगळ्या हसल्या. मग थट्टा पुरीच करायची म्हणून मी त्या चार गुळगुळीत कपाळांना हळदीकुंकू लावलं. उताण्या तळव्यांवर तिळगूळ ठेवला आणि बर्तन बाजारातून वाणासाठी आणलेली एकेक वाटी मांडीत ठेवली. "तिळगूळ घ्या, गोड बोला." आणि सवयीने पुढचं वाक्यही तोंडातून गेलं, "आता आम्हालाही बोलवा बरं का."

आमच्याकडची रीत तशी आहे. हळदीकुंकू घेतलं की रथसप्तमीच्या आत उलट द्यायचं. अंगावर ठेवू नये, असं माझी आई म्हणायची.

३

दुसऱ्या दिवशी वाट्या नव्हत्या, तिळगूळही नव्हता. सफाईवाल्यांनी नेलं असेल म्हणून मी सोडून दिलं.

मग एका दुपारी शमिका खालून वर आली. शमिका आमची टीम लीडर, नवऱ्याच्या बदलीमुळे नाशिकहून इथे आलेली, कामाला वाघीण. तिच्या कपाळावर हळदीकुंकू होतं. ताजं, ओलं, कुंकवाचा एक ओघळ नाकाच्या शेंड्याकडे निघालेला.

"आज कुणाकडे होतं गं?" मी विचारलं.

"तुम्हीच लावलंत ना आत्ता, ताई? मी डोळे मिटून बसले होते. बोटं किती गार तुमची."

मी तेव्हा वरच होते, पाण्याच्या मशीनवाल्याशी वाद घालत. तसं मी तिला सांगितलं.

"मग असेल कुणीतरी," ती म्हणाली आणि चहा घेऊन जागेवर बसली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. शाळेतून होता. बाई एवढ्या घाबरून बोलत होत्या की मला शेजारी उभं राहून शब्द न् शब्द ऐकू येत होता. शमिकाचा मुलगा अनीश घसरगुंडीवरून पडला होता, डोक्याला खोक पडली होती, त्याला टाके घालायला घेऊन जात होते.

"हो का. बरं," शमिका म्हणाली.

फोन ठेवून तिने चहाचा कप उचलला. उरलेला चहा घोट घोट करून संपवला, कप बाजूला ठेवला आणि हेडफोन कानाला लावला.

"अगं, निघ ना."

"कुठे?" तिने विचारलं. उद्धटपणे नाही. तिला खरोखरच कळलं नव्हतं.

मुलाला ताप आला म्हणून ही बाई भर मीटिंगमधून उठून पळालेली मी पाहिली होती. ऑफिसची गाडी घेऊन शेवटी मीच दवाखान्यात गेले. डोक्याला पट्टी बांधलेलं ते पोर सारखं दाराकडे बघत होतं. शमिका शिफ्ट संपल्यावर आली. कॉटशेजारच्या स्टुलावर बसली, मान जराशी खाली, हात मांडीत, तळवे वर. अनीशने आपला हात तिच्या हातात दिला. तिची बोटं मिटली नाहीत.

४

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. रात्रभर स्वतःला समजावत राहिले की धक्क्याने माणूस असा बधिर होतो, मीसुद्धा सुधाकर गेले त्या दिवशी दूधवाल्याला नीट हिशोब समजावून सांगितला होता. आणि कुंकू म्हणजे कोणाचा तरी चावटपणा. आमच्याकडे रिकामटेकड्या पोरांची काही कमी नाही.

त्याच आठवड्यात ट्रेनिंगची ऋजुता कपाळ भरून वर आली. ही मुलगी काम करताना सारखी गुणगुणायची, आम्ही तिला ओरडायचो. ती गप्प झाली. पुढे अकाउंट्सच्या शालिनीताई. त्या आल्या तेव्हा मी पॅन्ट्रीतच होते. त्यांनी कपात उकळता चहा ओतायला घेतला, कप भरला, चहा वाहून हातावर आला, आणि त्या ओतत राहिल्या. मी धावत जाऊन किटली हिसकावली. हाताची कातडी लालभडक झाली होती.

"शालिनीताई, भाजलंय तुम्हाला."

त्यांनी हाताकडे पाहिलं. "हो," म्हणाल्या, आणि तो कप उचलून निघाल्या.

मी किटली धरून तशीच उभी राहिले.

जेवणाच्या सुट्टीत दालन रिकामं होतं. मी ओलं फडकं घेऊन त्या चौघींकडे गेले. मी लावलेलं हळदीकुंकू अजून कपाळांवर होतं. पुसलं तर सहज गेलं, कुठल्याही दगडावरून जावं तसं. मला जरा हायसं वाटलं. बघ, दगड आहेत, शुभदा, नुसते दगड.

मग मी हात पुसायला घेतले. पहिलीच्या उजव्या हाताची अनामिका टोकाला पिवळी होती, आणि पिवळ्यावर लाल. आपण हळदीकुंकू लावतो तेच बोट. दुसरीचं तसंच, तिसरीचंही. मी त्यांच्या हातांवर फक्त तिळगूळ ठेवला होता. चौथीचं बोट स्वच्छ होतं.

तिसरीच्या बोटावरून फडकं फिरवलं आणि मी ते टाकूनच दिलं. तिथलं कुंकू ओलं होतं.

५

पियुषच्या केबिनमध्ये मी दार न वाजवता शिरले. त्या पाटाभोवती दोरी बांध, निदान रथसप्तमीपर्यंत, असं सांगितलं. कारण विचारल्यावर मात्र माझी पंचाईत झाली. दगड उलट हळदीकुंकू देतायत, हे वाक्य एचआरसमोर कसं बोलायचं? मी शालिनीताईंच्या हाताचं सांगितलं, शमिकाचं सांगितलं.

"शमिकाचा स्कोर बघितला तुम्ही?" त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "कस्टमर आईबहीण एक करतोय आणि ही एकदम कूल. शुभदाजी, हेच तर पाहिजे होतं ना. हेड ऑफिसवाले बघायला येऊन राहिले आहेत. आता दोरी बांधू?"

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मला भीती दुसरीच होती. चौथीचं अजून द्यायचं राहिलं होतं, रथसप्तमी उद्यावर आली होती, आणि पाटावर सगळ्यात जास्त बसणारी माझी मिताली होती.

घरी आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, अगदी बोटांसकट. ती तोंडात घास धरून ऐकत राहिली आणि मग ठसका लागेपर्यंत हसली.

"मावशी, तू पण ना यार. कोणी पागल समजेल."

"समजू दे. उद्या सुट्टी घे."

"उद्या अर्धी टीम गायब आहे. शमिका मॅडमने शेड्यूल लावलंय."

"मग त्या पाटावर बसू नकोस. माझी शपथ आहे तुला."

तिचं हसू गेलं. "तुला माहीत आहे ना, त्या जागेमुळे मी नीट झाले? दिवसभर लोकांच्या गाली ऐकायच्या, आणि पाच मिनिटं बसायचं पण नाही? ये क्या बात हुई? मी बसणार."

ताट सरकवून ती उठली आणि खोलीचं दार आपटलं. भिंतीवरची फ्रेम हलली. मला त्या दाराच्या आवाजाचं इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. ही पोर उद्या 'बरं' म्हणायला लागली तर मी काय करू? लग्न मोडल्याचं दुःख परवडलं, रोजची भांडणं परवडली. ती तशीच्या तशी मला हवी होती.

त्यावर उपाय मला एकच दिसला. पाट एकच आहे. त्यावर दिवसभर मीच बसायचं. आणि मी कुंकू लावून घेत नाही, हे अख्ख्या इंदूरला माहीत आहे.

६

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी पाटावर बसले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. दगड कोमट होता, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखा. समोर आणि बाजूला त्या चौघी. पियुष येता-जाता अंगठा दाखवून गेला.

सुरुवातीला लिफ्टची घंटी, दारावरच्या गार्डचं बोलणं, एसीची घरघर, सगळं ऐकू येत होतं. मग ते लांब लांब गेलं. मी जागी होते. पण खांदे उतरले, जबडा सैल झाला. सुधाकर गेले त्या दिवशी मी दवाखान्याच्या कँटीनमध्ये होते, त्यांच्याजवळ नव्हते. ते गेल्यापासून असा एक दिवस गेला नाही की ती गोष्ट मला टोचली नाही. त्या पाटावर ती टोचेनाशी झाली. किती बरं वाटलं म्हणून सांगू. आणि बरं वाटतंय हे कळल्याबरोबर मी घाबरले, आणि ती कँटीन, तो अर्धा खाल्लेला समोसा, वर बोलवायला आलेली नर्स, सगळं हट्टाने पुन्हा पुन्हा आठवत राहिले.

दुपार झाली असावी. डोळे कधी मिटले कळलं नाही. हळदीचा वास आला, दमट, कच्चा. कपाळासमोर गारवा जाणवला, बर्फाचा तुकडा अगदी जवळ धरल्यासारखा. मी श्वास रोखला. गारवा तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. मग मागे गेला.

मी डोळे उघडले. तिघींचे हात मांडीत होते. चौथीचा उजवा हात मांडीत नव्हता, गुडघ्यावर होता. अनामिका पुढे काढलेली, आणि तिच्यावर हळद आणि कुंकू.

मी ओरडायला हवं होतं. पळायला हवं होतं. पण भीतीच्याही आधी मला अपमान वाटला. दगडानेसुद्धा माझं मोकळं कपाळ पाहिलं आणि मला वगळलं. मी स्वतःच ठरवलंय, स्वतःच ठरवलंय, असं इतकी वर्षं म्हणत आले, आणि आता तिथे बसून लहान मुलीसारखी रडायला लागले.

"मावशी?"

मिताली लिफ्टमधून बाहेर येत होती. चेहरा लाल, नुकतंच कोणीतरी फोनवर तिला धुतलेलं.

"इथे येऊ नकोस," मी म्हटलं. "मी उठणार नाही. तू बसायचं नाहीस."

"अगं, रडतेस काय? कोण काय बोललं?" ती माझ्याजवळ आली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग चौथीच्या बोटाकडे. बोटावरचं ताजं कुंकू तिने पाहिलं आणि तिला वाटलं, हे तिने मला नंतर सांगितलं, की रथसप्तमीचं म्हणून इथे पुन्हा हळदीकुंकू झालं. सगळ्यांनी, अगदी दगडांनीसुद्धा लावून घेतलं, आणि माझ्या मावशीला तेवढं रडत बसवून ठेवलं.

तिचा राग मी ओळखते. नाकपुड्या फुलतात.

"हद्द झाली," ती म्हणाली. "काय समजतात काय स्वतःला या बायका? आणि तू पण गप बसतेस."

"मिताली, त्याला हात लावू नकोस. ऐक, तुला काल सांगितलं ना..."

"कालपासून बहुत ऐकलं तुझं."

तिने चौथीच्या बोटावर आपलं बोट टेकवलं. मी उठायला गेले. पाय उठेनात. तिने डाव्या हाताने माझी हनुवटी धरली, मी तिची धरायचे तशी, ती लहान असताना, वेणी घालताना.

"माझ्यासाठी तर लावून घे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिने माझ्या कपाळावर आधी हळद लावली, मग कुंकू.

तिची बोटं नेहमी गरम असतात. ही गार होती.

७

मितालीने नोकरी सोडली. आधी तिने अग्निशामकाचं सिलिंडर घेऊन त्या चौघींवर घाव घातले. एकीच्या खांद्याचा टवका उडाला, आणि गार्डने तिला धरलं. मी समोरच होते. हेड ऑफिसचे पाहुणेही तेव्हा तिथेच होते. एवढ्या गोंधळात तुम्ही किती शांत होतात, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

मी कामावर जाते. काम चांगलं होतं.

संध्याकाळी घरी आले की मिताली मला समोर बसवते आणि हे सगळं सांगायला लावते, पहिल्यापासून. चहा सांडला तेव्हा तुला काय वाटलं, मी दार आपटलं तेव्हा काय वाटलं, असं ती मध्येमध्ये विचारते. मी सांगते. राग आला होता तिथे राग आला म्हणते, भीती वाटली होती तिथे भीती. मला सगळं नीट आठवतं. सांगता सांगता एखाद्या जागी अडखळेन, अशी ती माझ्या तोंडाकडे बघत बसते.

"आणि मी कुंकू लावलं तेव्हा?"

"तू हनुवटी धरलीस, तोवर माया वाटली. खूप वाटली."

"आणि आता?" ती विचारते. "आत्ता, माझ्याकडे बघून?"

खोटं सांगायचं नाही असं तिनेच बजावलंय, म्हणून मी तिच्याकडे नीट बघते. ही माझ्या बहिणीची मुलगी. केस विंचरलेले नाहीत, डोळे सुजलेत. मी वेळ घेऊन शोधते आणि मग सांगते, काही नाही.

ती उठून स्वयंपाकघरात जाते. रडण्याचा आवाज मला येऊ नये म्हणून नळ पूर्ण सोडते. तरी तो येतो. थोडा वेळ मी थांबते. मग पाणी वाया जातंय म्हणून उठते, तिच्या मागून हात घालून नळ बंद करते आणि बाहेर येऊन बसते.